घरांतील यंत्रें : धुलाई-यंत्राची गळती

पावसाळा लागला कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गळतीचा विषय हटकून येतो. यंदां मात्र कौलें, गच्ची आणि भिंती यांच्यापेक्षां कपडे धुण्याच्या यंत्राविषयींच अधिक विचारणा झाली आहे. त्यांत आश्चर्य नाहीं. दहा-बारा माणसांच्या घरांत, बाहेर दोरीवर कांहीं वाळत नसतां, हें यंत्र दिवसांतून दोनदां-तीनदां चालतें. आणि ज्या भागांस एरवीं वर्षभर कोणी हात लावीत नाहीं त्यांचा कस याच महिन्यांत लागतो. यंत्राखालून पाण्याचा ओघळ निघाला, कीं घरांत दोन प्रश्न एकदम उठतात. पहिला, 'आतां नवें घ्यावें लागणार काय?' आणि दुसरा, 'कोणीं काय केलें?' या दोन्ही प्रश्नांची घाई करूं नये असें माझें सांगणें आहे. त्यांच्या आधीं विचारावयाचा तिसराच एक प्रश्न आहे, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं: पाणी कोणत्या वेळीं येतें?

कोल्हापुराकडील एका भगिनीचें पत्र समोर आहे. एकत्र कुटुंब, माणसें अकरा, बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. यंत्र समोरून दार असलेलें, सहा वर्षांचें. दोन महिन्यांपासून त्याच्याखालीं पाणी सांचूं लागलें आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतास ओल आली. शेजारी वर येऊन बोलून गेले. यंत्रांत कपडे घालण्याचें काम या भगिनीकडे असल्यामुळें सारा बोल त्यांच्यावर आला: पावडर जास्त घालते, दार आपटते, कपडे कोंबते. मग कामाला येणाऱ्या बाईंवर संशय गेला. दुरुस्तीवाला आला, त्यानें दाराचें रबर बदललें, पैसे घेतले. पाणी येतच राहिलें. 'नवें रबर घालूनहि गळतें, तेव्हां दोष माझ्या हाताचाच, असें सासूबाई म्हणत नाहींत. परंतु मामंजींनीं परवां जेवतांना तसें बोलून दाखविलें,' असें त्या लिहितात. पत्राच्या शेवटीं, जणूं जातां जातां, त्यांनीं एक ओळ घातली आहे: दुपारीं सगळे बाहेर गेल्यावर यंत्र लावलें तर थेंबहि येत नाहीं. साऱ्या पत्रांत खरी कामाची ओळ हीच. तिच्याकडे पुढें येतों.

न्यायशास्त्र ज्यांनीं थोडेंबहुत वाचलें आहे त्यांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द नवे नाहींत. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतां दुसरेंहि नसतें, हा व्यतिरेक. धूर आणि अग्नि यांचें उदाहरण पाठशाळेंतील विद्यार्थी घोकून घोकून पाठ करतात. परंतु तेंच शास्त्र मोरीजवळ उभें राहून वापरावें असें फारसें कोणास सुचत नाहीं. धुलाई-यंत्र एकच असलें तरी त्याच्या पांच अवस्था आहेत: स्वस्थ असणें, पाणी भरणें, कपडे घुसळणें, पाणी बाहेर टाकणें आणि कपडे पिळणें. प्रत्येक अवस्थेंत पाणी यंत्राच्या निराळ्या भागांत असतें, किंवा निराळ्या जोरानें फिरत असतें. जेथें पाणीच नाहीं तेथून तें गळणार कसें? म्हणून गळतीची वेळ निश्चित झाली कीं निम्मे भाग आपोआप निर्दोष ठरतात. उलट पाणी कोठें सांचलें आहे यावरून फारसें कळत नाहीं. तें गळतें एका ठिकाणीं, पत्र्याच्या आंतल्या बाजूनें ओघळतें दुसऱ्या ठिकाणीं, आणि फरशीच्या उतारानें जमतें तिसऱ्याच ठिकाणीं. दाराखालीं थारोळें दिसलें म्हणून दाराचें रबर बदलणें, हा त्या दुरुस्तीवाल्याचा हेत्वाभास होय.

परीक्षेस लागण्यापूर्वीं एक गोष्ट, आणि तींत हयगय चालणार नाहीं. ओली फरशी आणि २३० व्होल्टची वीज यांची गांठ वाईट. यंत्राखालीं पाणी दिसतांच कोरड्या जागीं उभें राहून, कोरड्या हातानें प्रथम बटण बंद करावें, मग प्लग काढावा, मग नळ बंद करावा. पाणी प्लगाच्या फळीपर्यंत किंवा जमिनीवर टाकलेल्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोंचलें असेल तर त्यास हात न लावतां घराचा मेन स्विचच बंद करावा. यंत्राच्या पत्र्यास हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटत असेल, तर गळतीचा विचार बाजूस ठेवून आधीं इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावें, आणि तोंपर्यंत यंत्र चालवूं नये. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटांत बसविण्याच्या युक्त्या कांहीं घरांत अजून चालतात. त्या जीव घेणाऱ्या आहेत. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला असणें, हा ज्या घरांत ओल्या हातांनीं यंत्रें चालतात त्या घरास मोठाच आधार आहे.

आतां परीक्षा. यंत्राभोंवतालची आणि पोंचतां येईल तेवढी खालची फरशी कोरडी पुसून घ्यावी आणि यंत्राच्या चारी बाजूंस जुनीं वर्तमानपत्रें पसरावीं. कागदावर पहिला थेंब कोणत्या बाजूस उमटला हें स्पष्ट कळतें. फरशीवर तें कळत नाहीं. मग नेहमींप्रमाणें कपडे लावून यंत्र सुरू करावें, आणि पाट किंवा खुर्ची घेऊन, घड्याळ जवळ ठेवून, दोन हात अंतरावर स्वस्थ बसावें. यंत्र चालू असतांना त्याच्याखालीं हात घालूं नये. वेळ फार तर तास-सव्वा तास जातो. घरांतील पुरुषमंडळींनीं रविवारीं वर्तमानपत्र वाचण्याऐवजीं तें अंथरून त्याच्याजवळ बसावें, म्हणजे काम होईल आणि संशयहि फिटतील. पाणी दिसलें कीं बटण बंद करून एक थेंब दोन बोटांत चोळून पाहावा. बुळबुळीत लागला तर पाणी साबण मिसळल्यानंतरचें, म्हणजे आंतल्या टाकीचें किंवा पुढील मार्गाचें. स्वच्छ लागला तर तें बहुधा नळाकडचें. एवढ्या एका बोटाच्या परीक्षेनें केवढें तरी काम हलकें होतें.

यंत्र बंद असतांनाहि फरशी ओली होत असेल, तर दोष बहुतेक नळाच्या जोडणींत असतो. पाणी आंत घेणारी जी नळी, तिच्या यंत्राकडील टोकास पाऊण इंची आट्यांची चकती असते आणि त्या चकतींत रबराचा वायसर असतो. पाणी अडविण्याचें काम तो वायसर करतो, आटे करीत नाहींत. तो चपटा किंवा कडक झाला कीं थेंब लागतो. नवा वायसर अगदीं अल्प किंमतींत मिळतो. चकती हातानेंच घट्ट करावी. पकडीनें आवळली कीं प्लॅस्टिकचे आटे जातात आणि दहा रुपयांच्या दोषाचा मोठा खर्च होतो. टेफ्लॉनची फीत नळाच्या धातूच्या आट्यांवर गुंडाळण्यास योग्य, वायसराच्या जोडणीवर तिचा उपयोग नाहीं. आपल्याकडे आणखी एक प्रकार आढळतो: नळास आटे नसले म्हणजे चार स्क्रूंनीं आवळलेली प्लॅस्टिकची टोपी तोटीवर बसवितात. यंत्राच्या हादऱ्यांनीं ते स्क्रू हळूहळू ढिले होतात. ती टोपी काढून आट्यांचा नळ बसवून घेणें हाच त्यावर उपाय. प्लंबरचें तें अर्ध्या तासाचें काम आहे.

या नळीविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे. गच्चीवरील टाकी आणि आपला नळ यांत दर दहा मीटर उंचीस दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम दाब पडतो. उंच इमारतींत खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांच्या नळीवर हा दाब रात्रंदिवस असतो, यंत्र चालू असो वा नसो. नळी जुनी झाली, कोठें फुगवटा आला, वांकलेल्या जागीं भेगा दिसूं लागल्या, कीं ती बदलावी. कांहीं न दिसलें तरी पांच वर्षांनीं बदललेली बरी. आणि धुणें संपलें कीं नळ बंद करण्याची संवय घरांतील लहानथोरांनीं लावून घ्यावी. मंडळी गणपतीस गांवीं गेलेली असतांना फुटलेली नळी सबंध टाकी घरांत रिती करते.

बंद यंत्राच्या आंतल्या पिंपांत आपोआप पाणी भरलेलें आढळलें, तर तो नळीचा दोष नव्हे. पाणी आंत सोडणारी जी विजेची झडप असते, जिला दुरुस्तीवाले इनलेट व्हॉल्व्ह म्हणतात, तिच्यांत वाळूचा कण किंवा क्षार अडकून ती पुरती मिटत नाहीं. प्लग काढून आणि नळ उघडा ठेवून पाहावें. तरीहि पाणी चढत असेल तर झडप सदोष हें निश्चित. नळीच्या टोकाशीं असलेली बारीक जाळी दर तीन-चार महिन्यांनीं जुन्या दांतघासणीच्या ब्रशानें साफ केली तर हा विकार सहसा होत नाहीं.

पाणी भरतांना समोरून ओघळ येत असेल तर प्रथम साबणाचा खण बाहेर काढून पाहावा. पावडरीचे थर वाळून दगड झालेले असतात. वरून पडणारें पाणी खालीं उतरण्यास वाट न मिळाल्यानें खणाच्या काठावरून पुढें येतें. खण कोंबट पाण्यांत भिजवून घासावा आणि त्याच्या वरच्या छतांतील भोकेंहि पुसावीं. यंत्र पुढच्या बाजूस कललें असलें तरी हेंच होतें. पाणसळ ठेवून पायांचे स्क्रू फिरवावे. या अवस्थेंत याहून अधिक कांहीं सांगण्यासारखें नाहीं.

घुसळण चालली असतां पाणी आलें तर दोन गोष्टी संभवतात: दाराचें रबर किंवा फेस. रबराच्या खालच्या घडींत बोट फिरवून पाहावें. तेथें केंस, सुटलेले धागे, नाण्यें, आंकडे आणि तांदुळाचे दाणे सांपडतात. रबर आणि कांच यांच्यामध्यें पदराचा कांठ किंवा परकराची नाडी अडकली तर तेवढ्या फटींतूनहि पाणी झिरपतें. नऊवारी लुगडें आणि दशांचें उपरणें जाळीच्या पिशवींत घालून लावावें. तीं इतर कपड्यांस वेढे घालतात आणि त्यांचे धागे पुढें पंपापर्यंत जातात. कपडे भरल्यावर पिंपाच्या वरच्या भागांत हात सहज जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. रबरास भेग असेल तर मात्र तें बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. धुणें झाल्यावर घडी कोरडी पुसून दार थोडें उघडें ठेवावें, म्हणजे रबर काळें पडत नाहीं आणि त्याचें आयुष्यहि वाढतें. मात्र घरांत लहान मूल रांगत असेल तर त्याच्यावर नजर हवी.

फेसाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, आणि घरांतील निम्म्या वादांचें मूळ तींत आहे. समोरून दार असलेल्या यंत्रांत पाणी थोडें असतें. कपडे वर उचलले जाऊन पुनः खालीं आपटतात, आणि त्या आपटण्यानें मळ निघतो. हातानें धुण्याकरितां केलेल्या पावडरीस फेस फार. तो या यंत्रांत फुगून साबणाच्या खणांतून आणि हवेच्या वाटेनें बाहेर येतो, आणि बाहेर आल्यावर त्याचें पाणी होतें. शिवाय फेसाच्या गादीवर कपडे नीट आपटत नाहींत, म्हणजे गळती होते ती होते, कपडेहि मळकट राहतात. यास्तव समोरच्या दाराच्या यंत्रास त्याच्याकरितां केलेली कमी फेसाचीच पावडर वापरावी. परंतु योग्य पावडरहि घातक होऊं शकते, ती अशी. बोअरच्या जड पाण्यांतील चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाचें बळ खातात, म्हणून तेथें माप मोठें लागतें. तेंच माप नगरपालिकेच्या हलक्या पाण्यास लावलें कीं फेस अनावर होतो. ज्या इमारतींत कांहीं दिवस बोअरचें आणि कांहीं दिवस नगरपालिकेचें पाणी सोडतात, तेथें एकाच हातानें घातलेलें एकच माप सोमवारीं बरोबर आणि गुरुवारीं चूक ठरतें. अशा घरांत 'हिनें आज पावडर जास्त घातली' हा आरोप करण्यापूर्वीं आज पाणी कोणतें आलें आहे हें विचारणें न्यायाचें होईल. परीक्षा सोपी आहे. एकदां कपडे न घालतां आणि साबण न घालतां यंत्र पुरतें चालवावें. गळती थांबली तर ती फेसाची, हा व्यतिरेक. न थांबली तर पावडर निर्दोष. साबण न घालतांहि कांचेंत फेस दिसला, तर तो मागचा सांचलेला; एक-दोन वेळां साध्या पाण्यानें चालवून तो काढून टाकावा.

आतां पाणी बाहेर टाकण्याची अवस्था, म्हणजे कोल्हापूरच्या भगिनींचें प्रकरण. या वेळीं पंप टाकींतलें पाणी जोरानें बाहेर फेंकतो, म्हणून पंपापासून मोरीपर्यंतचा सारा मार्ग संशयास पात्र होतो. प्रथम पुढच्या खालच्या कोपऱ्यांतील झांकण. त्याच्या आंत फिल्टर असतो. तो साफ करून परत बसवितांना एक आटा तिरपा बसला कीं थेंब थेंब लागतो. फिल्टर उघडण्यापूर्वीं प्लग काढावा, ऊन पाण्यानें धुणें केलें असेल तर तें निवूं द्यावें, खालीं पसरट परात सरकवावी आणि झांकण हळूहळू फिरवावें. आंत काय काय निघतें याची यादी दिली तर घराचें गृहच्छिद्रच उघडें पडेल. नाणीं, केंसांच्या पिना, बटणें, सुपारीचीं खांडें, आणि जानव्यास अडकविलेली कपाटाची किल्लीहि, जी तीन महिने मोलकरणीनें नेली असें समजलें जात होतें. फिल्टरानंतर बाहेर टाकणारी नळी पाहावी: ती चिरलेली आहे काय, पंपाच्या तोंडावरील क्लिप सैल आहे काय, नळीचें टोक मोरींतून निसटतें काय. हें टोक जमिनीपासून साधारणतः दोन ते तीन फूट उंचीवरून वळवून मग खालीं सोडावें लागतें. अचूक माप यंत्राच्या पुस्तकांत असतें. तें थेट जमिनीवर लोळत ठेवलें, तर पाणी भरतां भरतांच निघून जातें आणि यंत्र भरतच राहतें.

हें सारें ठीक असलें तरी एक वाट उरते, आणि ती यंत्राच्या बाहेरची आहे. भगिनींची ती ओळ आतां आठवावी. सकाळीं पाणी येतें, दुपारीं येत नाहीं. यंत्र तेंच, हात तोच, पावडर तीच, दार तेंच. पावडर जास्त असती तर दुपारींहि फेस आला असता. दार आपटून रबर बिघडलें असतें तर दुपारींहि गळलें असतें. घरांतील तिन्ही आरोप या एका ओळीनें नाहींसे होतात. सकाळीं आहे आणि दुपारीं नाहीं, असें काय? अकरा माणसांचीं स्नानें! मी त्यांस उलट विचारलें कीं, स्नानगृहाचें आणि यंत्राच्या कोपऱ्याचें पाणी एकाच जाळींतून जातें काय. आणि दुसरें, दुपारीं कोणी घरीं नसतांना यंत्र पाणी टाकूं लागेल त्याच वेळीं स्नानगृहांत दोन बादल्या पाणी एकदम ओतून पाहावें. उत्तर आठवड्यानें आलें. जाळी एकच होती, आणि दोन बादल्या ओततांच यंत्राखालच्या तोंडांतून पाणी उलटें वर आलें. मोरीखालचा नहाणी ट्रॅप तुंबत आला होता. एकट्या यंत्राचें पाणी त्यांतून कसेंबसें जाई. यंत्र आणि स्नान एकत्र आलीं कीं तें उलटें फिरे, यंत्राखालीं पसरे, आणि फरशीच्या झिजलेल्या सांध्यांतून खालच्या छतांत उतरे. प्लंबरनें ट्रॅप उघडला तेव्हां केंसांचा गोळा, उपरण्याच्या दशा, साबणाचें कीट आणि शांपूच्या पुडीचा एक कोपरा निघाला. यंत्रांत दोष नव्हताच. रबराचे पैसे मात्र गेले ते गेले.

भगिनी पुढें लिहितात कीं, मामंजी स्वतः खालच्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांस सर्व समजावून आले, आणि सांधे भरून घेण्याचा खर्च त्यांनींच दिला. मला मात्र कोणी कांहीं म्हटलें नाहीं. यावर मी अधिक लिहीत नाहीं. एवढें मात्र सर्व वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, ज्या ओळीनें हें कोडें सुटलें ती ओळ ज्यांच्यावर बोल आला त्यांनींच पाहून ठेविली होती. दोन महिन्यांत घरांतील कोणीहि त्यांस 'तुला काय दिसतें?' असें विचारलें असतें तर दुरुस्तीवाल्यास बोलाविण्याचें कारण पडलें नसतें. यंत्राजवळ जो रोज उभा राहतो, त्यास त्याचा स्वभाव ठाऊक असतो.

शेजाऱ्यांच्या छतावरील ओलीविषयीं एक सूचना. ती आपल्या यंत्राचीच असें दोन्ही पक्षांनीं गृहीत धरूं नये. डागाच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घालावी, आणि आठ दिवस यंत्र बंद ठेवून त्याचा नळहि बंद ठेवावा. डाग रेघेबाहेर वाढत राहिला तर पाणी दुसरीकडचें आहे, बहुधा भिंतींतील किंवा स्नानगृहाखालील नळाचें. वाढ थांबली तर आपल्या कोपऱ्यांत शोध घ्यावा. डाग वाळण्यास फार दिवस लागतात, म्हणून तो नाहींसा होण्याची वाट पाहत बसूं नये. वाढतो कीं नाहीं एवढेंच पाहावें.

राहिली पिळण्याची अवस्था. पिंप जोरानें फिरूं लागल्यावरच पाणी येतें, बरोबर घरघर असा जड आवाज होतो, आणि मागील बाजूस तांबूस गंजाचे ओघळ दिसतात, असें असेल तर पिंपाच्या आंसाभोंवतालचें सील आणि बेअरिंग झिजलें आहे. हें काम घरचें नव्हे. यंत्र एकट्यानें आडवें करण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये; समोरच्या दाराच्या यंत्रांत तें थरथरूं नये म्हणून जड ठोकळे, बहुधा काँक्रीटचे, बसविलेले असतात आणि त्याचें वजन साठ-सत्तर किलोपर्यंत भरतें. बिऱ्हाड बदलल्यानंतर नव्यानेंच हादरे सुरू झाले असतील, तर वाहतुकीकरितां मागें लावलेले बोल्ट काढावयाचे राहिले आहेत काय तें आधीं पाहावें.

दोन पिंपांचीं, अर्धें काम हातानें करावयाचीं यंत्रें अजून पुष्कळ घरांत आहेत, आणि जुन्या वाड्यांत तींच सोयीचीं पडतात. त्यांचा नेहमींचा विकार असा कीं, धुण्याच्या पिंपांत पाणी ठरत नाहीं. नळींतून हळूहळू निघून जातें. पिंपाच्या तळाशीं पाणी सोडणारी रबरी झडप असते, तिच्यांत धागा किंवा बटण अडकतें. बहुतेक यंत्रांत वरची जाळी काढून ती साफ करतां येते. दुसरा शत्रु उंदीर. यंत्राचा तळ उघडा असला कीं तो आंत शिरून उबेस बसतो आणि नळ्या व तारा दोन्ही कुरतडतो. कालपर्यंत ठीक असलेलें यंत्र आज सकाळीं एकाएकीं पाणी ओतूं लागलें, आणि खालीं रबराचे बारीक तुकडे दिसले, तर दुसरें कारण शोधूं नये. तारांचा विचार करून तें यंत्र दुरुस्तीपूर्वीं प्लगास लावूं नये. तळास बसविण्याची जाळी बाजारांत मिळते; वाड्यांत राहणाऱ्यांनीं ती यंत्राबरोबरच घ्यावी.

फुटलेल्या नळीस एम-सील लावण्याची जी घरगुती वैद्यकी आहे, तिच्यावर माझा विश्वास नाहीं. तो लेप वाळून कठीण होतो आणि नळी तर प्रत्येक हादऱ्यास वांकते. चार दिवसांत फट पुनः उघडते, आणि तीहि बहुधा रात्रीं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक दिवस काढावा, परंतु दुसऱ्या दिवशीं नळी बदलावी.

दुरुस्तीवाल्यास बोलावण्याची वेळ आलीच, तर 'यंत्र गळतें' एवढेंच सांगूं नये. 'पाणी टाकण्याच्या वेळीं, मागच्या उजव्या बाजूस, साबणाचें पाणी येतें. नळ आणि मोरी आम्ही पाहिली आहे,' असें सांगावें. असें ऐकल्यावर प्रामाणिक मनुष्याचें काम हलकें होतें आणि दुसऱ्याची जीभ आंवरते. भाग बदलण्यापूर्वीं त्याचें नांव आणि किंमत विचारावी. बदलल्यावर जुना भाग आपल्याकडे मागून घ्यावा आणि पावती घ्यावी. मग त्याच्या देखतच, यंत्र त्याच अवस्थेंत पुन्हां चालवून पाहावें. सकाळीं गळत असेल तर त्याला सकाळींच बोलवावें. झडप, पंप, नळ्या आणि दाराचें रबर हे भाग बदलून यंत्र अनेक वर्षें चालतें, तेवढ्यावरून नव्याचा विचार करण्याचें कारण नाहीं. बेअरिंगचा खर्च मात्र नव्या यंत्राच्या निम्म्या किंमतीपर्यंत जाऊं लागला आणि यंत्र दहा वर्षांचें झालेलें असलें, तर तें काढून टाकण्यास हरकत नसावी. घरांत आलेलें नवें यंत्र त्याच कोपऱ्यांत बसविण्यापूर्वीं मोरींत दोन बादल्या पाणी ओतून पाहावें.